शाळेचा दिवस : मुलांच्या हायस्कुलातील नियम आणि दिनक्रम यांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य मला दिले, याबद्दल त्यांचे आभार मानून मी एका साध्या, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाला हात घालणार आहे. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी स्मरणिका आपल्याकडे विपुल निघतात. त्यांत देणगीदारांची छायाचित्रे असतात, मुख्याध्यापकांची परंपरा असते, मॅट्रिकच्या निकालांचे तक्ते असतात. परंतु शाळा किती वाजता भरे, हजेरी कशी घेतली जाई, मुले कशावर बसत, तहान लागली तर पाणी कोणाच्या हातून पीत, गुरुजींना काय म्हणून हाक मारीत, दिवसाच्या आरंभी कोणते गीत म्हणत, याची नोंद त्यांत क्वचितच आढळते. हे सारे सर्वांना ठाऊकच असते, म्हणून ते कोणी लिहीत नाही. आणि ठाऊक असणारी पिढी गेली की ते कायमचे जाते.

माझे म्हणणे असे आहे की, गेल्या दोनशे वर्षांत आपल्या समाजाने जे मोठे वाद घातले ते मुलांपर्यंत ग्रंथांतून किंवा सभांतून फारसे पोचले नाहीत. ते शाळेच्या या लहानलहान नियमांतून पोचले. सरकारला काय हवे होते, जातींच्या समाजाला काय सोडवत नव्हते आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना काय साधावयाचे होते, हे बैठकीच्या, पाण्याच्या, हाकेच्या आणि प्रार्थनेच्या नियमांतून वाचता येते. मुलांच्या माध्यमिक शाळांपुरते, आणि त्यातही बडोदे, धारवाड-बेळगाव व हैदराबाद या आपल्या मराठी वस्तीच्या प्रदेशांकडे विशेष लक्ष देऊन, ते वाचण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

मी आयुष्यभर भाषा शिकवली; तेव्हा शब्दांपासून आरंभ केल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी. शाळेच्या दिवसाचे शब्द पाहा. 'हजेरी' आणि 'गैरहजर' हे शब्द अरबी मुळाचे, दरबारातून आणि लष्करातून आलेले. 'दप्तर' म्हणजे मुळात सरकारी कागदपत्रांचा गठ्ठा. तो कारकुनाच्या काखेतून मुलाच्या काखेत आला. 'तास' म्हणजे वेळ दाखविण्यासाठी ठोकावयाची धातूची थाळी. थाळीचे नाव ठोक्यांमधील वेळेला मिळाले. 'शिस्त' हा फारसी शब्द जुन्या मराठीत बंदुकीच्या नेमासाठी येतो, शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. 'इयत्ता' हा मात्र संस्कृत. त्याचा अर्थ 'इतकेपणा', मोजमाप. आणि 'शिक्षा' या शब्दाची कथा तर सर्वांहून विलक्षण. संस्कृतात ज्याचा अर्थ शिकविणे, त्याच शब्दाने मराठीत छडीचा अर्थ घेतला आणि शिकविण्यासाठी आपल्याला 'शिक्षण' हा वेगळा शब्द राखावा लागला. ज्या समाजाच्या भाषेत असे घडते त्या समाजाच्या शाळेविषयी निराळे भाष्य करण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमदानीपूर्वी पंतोजींच्या शाळा होत्या. तेथे इयत्ता नव्हत्या; प्रत्येक मूल आपापल्या गतीने धुळाक्षरांवरून मोडीकडे आणि पाढ्यांवरून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकीकडे सरकत असे. थोरला मुलगा धाकट्याला शिकवी. शाळा ओसरीवर किंवा देवळात भरे. संध्याकाळी परवचा होई. सुट्टी तिथीवर आणि सणावर चाले, वारावर नव्हे. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा होई, ती प्रथा आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाळलेली आहे. पंतोजींच्या शिक्षा कठोर होत्या. अंगठे धरून ओणवे उभे राहणे ही त्यांतली सौम्य म्हणावी अशी. या शाळांविषयी अलीकडे जे हळवे लेखन होते त्याच्याशी मी सहमत नाही. व्यवहाराचे गणित आणि अक्षर त्या उत्तम शिकवीत. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती, हे विसरून त्यांचे गुणगान करता येणार नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वर्गात 'मॉनिटर' नेमण्याची रीत आपण इंग्रजांची समजतो. विलायतेत ही पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी अँड्र्यू बेल हे अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे त्यांनी पाहिले, आणि थोरल्या मुलाकरवी धाकट्यांना शिकविण्याची पद्धत आपल्या शाळेत बसवली. ती विलायतेत गेली, बेल-लँकेस्टर पद्धती म्हणून नावाजली आणि १८२० च्या दशकात मुंबईच्या शाळांतून सुधारणा म्हणून परत आली. आपल्याच ओसरीवरचा थोरला मुलगा साहेबाच्या नावाने आपल्याकडे नोकरीस लागला.

खरा पालट झाला तो १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर. या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले, आणि अनुदानाबरोबर अटी आल्या : शाळेला जबाबदार चालक हवेत, सरकारी तपासणी मान्य हवी, मुलांकडून थोडी का होईना फी घेतली पाहिजे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. या दोन गोष्टींनी, अनुदानाने आणि मॅट्रिकने, हायस्कूलचा दिवस घडविला. हजेरीपट का ठेवावयाचा? अनुदानासाठी. फीची पावती का? त्याचसाठी. वर्ग का पाडावयाचे आणि वर्षाच्या अखेरीस सर्वांना एकदम का चढवावयाचे? कारण परीक्षा वर्षातून एकदा आणि सर्वांची एकच. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनीस येऊन एकेका मुलाला प्रश्न विचारीत, आणि उत्तीर्णांच्या हिशोबाने शाळेला पैसे मिळत. घोकंपट्टीचा दोष आपण मुलांना आणि मास्तरांना देतो. परंतु ज्या शाळेचे पैसे मुलाच्या पाठांतरावर अवलंबून होते त्या शाळेने दुसरे काय करावयाचे होते? तपासणी होणार असे कळले की भिंतींना चुना लागे, मुलांना धुतलेले कपडे घालून येण्याची ताकीद मिळे आणि 'साहेब आले की उभे राहा, सांगितल्यावर बसा' याची तालीम चाले. ही तालीम माझ्या विद्यार्थिदशेपर्यंत, म्हणजे एकोणीसशे साठनंतरही, अखंड होती.

अकरा ते पाच ही शाळेची वेळ कचेरीची वेळ होती. तिने घराचा दिवसही बदलला. मुलगा आणि बाप एकाच वेळी बाहेर पडू लागले, म्हणून दहाच्या आत पाने वाढली गेली पाहिजेत असा स्वयंपाकघराचा नियम झाला. त्या नियमाची मेहनत ज्यांनी केली त्यांची नावे कोणत्याच हजेरीपटात नाहीत. रविवारची सुट्टी, शनिवारची अर्धी शाळा, उन्हाळ्यात सकाळची शाळा हे सारे याच काळातले. विसाव्या शतकातही बराच काळ हायस्कूलच्या वरच्या वर्गांत इतिहास-भूगोल इंग्रजीतून शिकविला जाई. मराठी मुलगा आपल्याच नद्यांची नावे इंग्रजी वाक्यांत घोकीत असे. मुंबई राज्यात मॅट्रिकची जागा १९४९ मध्ये एस.एस.सी.ने घेतली, पण घरोघर मुलगा त्यानंतरही 'मॅट्रिकलाच' बसत राहिला.

आता बैठकीकडे आणि पाण्याकडे वळू. आमच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचे पिंप असे आणि त्याला साखळीने बांधलेला एक पितळी पेला. मधल्या सुट्टीत त्या पेल्यासाठी झुंबड उडे. तो पेला सर्वांचा होता याचे आम्हांला काहीच वाटत नसे. परंतु तो सर्वांचा होण्यास किती काळ लागला, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

जून १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जुलैमध्ये जो निर्णय दिला त्याचा आशय असा की, केवळ न्यायाचा विचार केला तर बाजू अर्जदाराचीच आहे. परंतु प्रवेश मागणारा आजवरचा हा एकटाच महार मुलगा, त्याच्यासाठी इतर मुलांना त्याच्या शेजारी बसण्यास भाग पाडले तर शाळाच ओस पडेल. सबब सरकार हस्तक्षेप करू इच्छित नाही. न्याय तुझ्या बाजूचा, पण बाकावरची जागा मात्र मिळावयाची नाही, असे सांगणारा हा कागद आहे. हिंदुस्थान सरकारने या निर्णयाविषयी नापसंती दर्शविली, आणि एप्रिल १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी कळविले की, सरकारी शाळा सर्व प्रजाजनांसाठी भेदाभेद न करता खुल्या आहेत. तत्त्व ठरले. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने ते पुन्हा उच्चारले, परंतु त्याची अंमलबजावणी सावधपणे करावी आणि शक्यतो वेगळ्या शाळा काढाव्यात असा सूरही लावला. त्याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले होते, आणि महार-मांगांची मुले प्रत्यक्षात शाळांबाहेरच राहतात हे त्यांत स्पष्ट म्हटले होते. धारवाडच्या त्या मुलाचे पुढे काय झाले हे कोणत्याही कागदावरून मला लागलेले नाही. ज्याच्यामुळे एवढा पत्रव्यवहार झाला तो स्वतः शाळेच्या दाराशीच राहिला.

दार उघडल्यानंतर आत काय होते? येथे आपल्याजवळ एक असामान्य पुरावा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. ते रजिस्टर आजही जपून ठेवलेले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातील ओळ इतर ओळींसारखीच आहे. वर्गातील जागा तशी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, आणि तेही गोणपाटाच्या तुकड्यावर; शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

हा नियम कोठल्याही नियमावलीत लिहिलेला नव्हता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. लिहिलेला नियम १८५८ चा होता, आणि तो सर्वांना समान मानणारा होता. न लिहिलेला नियम शिपायाच्या हातात होता. शाळांचा इतिहास केवळ परिपत्रकांवरून लिहू पाहणाऱ्यांनी हे गोणपाट नेहमी डोळ्यांसमोर ठेवावे.

बाबासाहेबांना मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेता आले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली, आणि १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. संस्कृताचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर केला. याच सुमारास आपल्या बडोद्यात विनायक नरहर भावे नावाचा मुलगा हायस्कुलात होता. त्याच्या वडिलांची इच्छा म्हणून त्याने फ्रेंच घेतली, आणि संस्कृत घरी शिकला. पुढे विनोबा म्हणून जगाला माहीत झालेल्या या विद्यार्थ्याने १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. एकाला संस्कृत नाकारले गेले, दुसऱ्याला ते न घेण्याची मोकळीक होती. वेळापत्रकाच्या एकाच रकान्यात दोन आयुष्यांचे अंतर मावले आहे.

बडोद्याविषयी बोलताना श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघणे अपरिहार्य आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा होती. गैरहजेरीबद्दल पालकास दंड होई. पंतोजीच्या शाळेत मूल आले नाही तर थोरली मुले त्याला उचलून आणीत. आता ते काम कायद्याने अंगावर घेतले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये आपले विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले हेही आपण जाणता. अंत्यज मुलांसाठी महाराजांनी शाळा आणि वसतिगृहे काढली, परंतु तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक मिळेनात. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना त्या कामासाठी बोलावून आणावे लागले. राजाच्या हातीही सर्व काही नव्हते, असा याचा अर्थ.

कवायतीचे एक प्रकरण बडोद्याच्या खास अभिमानाचे आहे. पदवीधर अल्पायुषी का ठरतात हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केला होता, आणि शाळांतून व्यायामाची निकड सर्वांना पटत चालली होती. तथापि हायस्कुलांत जी कवायत आली ती पलटणीची होती आणि तिच्या आज्ञा इंग्रजी होत्या. मुले अर्थ न कळता 'स्टँड ॲट ईज'चे 'ठंडाटीज' करीत आणि पाय आपटीत. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांनी सांघिक व्यायामासाठी भारतीय भाषेतील आज्ञा तयार केल्या. आज ही गोष्ट लहान वाटेल. परंतु ज्या काळी मुलाचा उजवा पाय परक्या भाषेच्या हुकमावर उचलला जात होता, त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मनोहर प्रयोग बडोदे राज्यातच झाला, आणि तो अवघा चारपाच वर्षे टिकला. बॅरिस्टर केशवराव देशपांडे हे अरविंद घोषांचे केंब्रिजपासूनचे स्नेही आणि बडोदे राज्याचे अधिकारी. त्यांच्या पुढाकाराने नर्मदाकाठी चांदोदजवळ गंगनाथ विद्यालय सुरू झाले आणि पुढे ते बडोद्यास आले. १९१० च्या सुमारास तेथे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. त्यापूर्वी ते बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापक होते, म्हणून बेळगावकरांचाही या कथेत वाटा आहे.

गंगनाथ विद्यालयाचा एक नियम असा होता की, शिक्षकांना 'सर' म्हणावयाचे नाही, 'मास्तर' म्हणावयाचे नाही. घरातील नात्याने हाक मारावयाची. शाळेला कुटुंबाचे रूप यावे हा हेतू. कालेलकर 'काका' झाले. विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा' झाले. हरिहर शर्मा हे दाक्षिणात्य गृहस्थ 'अण्णा' झाले. आज आपण 'काकासाहेब कालेलकर' म्हणतो तेव्हा हे एका शाळेच्या नियमाने दिलेले नाव आहे याची आठवण फार थोड्यांना असते.

मराठी कुटुंबात काका आणि मामा ही दोन अगदी वेगळी नाती आहेत, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. काका हा वडिलांच्या बाजूचा, त्याचा धाक. मामाकडे हट्ट चालतो, सुट्टी त्याच्याच गावी जाते. शाळेने ही नावे वाटली तेव्हा तिने मुलांना धाक आणि हट्ट या दोहोंची सोय करून दिली, असे म्हणण्याचा मोह होतो. पंतोजी, मास्तर, सर या कोणत्याही शब्दात हट्टाची सोय नाही.

ब्रिटिश सरकारची नजर राष्ट्रीय शाळांवर होती. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये बंद पाडण्यात आले. संस्थानी राज्यावरही दडपण येणारच होते, आणि लवकरच गंगनाथ विद्यालयही बंद झाले. कुटुंब पांगले, नावे मात्र कोणी टाकली नाहीत. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींची आणि काकांची भेट झाली. मुलांनी आणि शिक्षकांनी स्वयंपाक स्वतः करावा, नोकरांवर विसंबू नये, असे गांधीजींनी तेथे सुचविले आणि रवींद्रनाथांनी ते करून पाहू दिले. पुढे काका, मामा आणि अण्णा हे तिघेही गांधीजींबरोबर गेले. मामासाहेब फडके गोध्र्याच्या अंत्यज आश्रमात राहिले. ज्या मुलांना शाळेचे पाणी मिळत नव्हते त्यांचे ते मामा झाले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या नावांची हकीकत आवर्जून दिली आहे.

वसतिगृहांचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. एकाच प्रसंगाचा उल्लेख करतो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने विविध जातींची वसतिगृहे उभी राहिली, १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे त्यांतले आरंभीचे. तेथील जैन वसतिगृहात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर स्नान करून मगच आत येण्याचा नियम त्याने मानला नाही, आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, आणि भाकऱ्या भाजण्यापासून अंग मेहनतीपर्यंतची कामे वाटून घेत. मोडलेल्या नियमातून पुढे एक नवा दिनक्रम घडला.

आता हैदराबाद. निजामी राज्यातील मराठी मुलाची स्थिती आपल्याहून बिकट होती. सरकारी हायस्कुलात माध्यम उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि परीक्षेच्या भीतीपोटी इंग्रजी, अशा तीन भाषांतून तो मुलगा दिवसभर येजा करीत असे. १९०७ मध्ये हैदराबादेस विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले ते याच कोंडीतून. पुढे स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवीत होते. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे बरेच कार्यकर्ते या शाळांच्या सतरंज्यांवर घडले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. प्रार्थना हा दिनक्रमाचा भाग, ती वसतिगृहाच्या खोलीत होणारी, तिच्यात काय म्हणावयाचे हे आम्ही ठरवू, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. वसतिगृहात काय गावयाचे हे संस्था ठरवील, असे अधिकाऱ्यांचे. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि चळवळ इतर गावांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. नागपूर विद्यापीठाने या बहिष्कृतांना आपल्याकडे प्रवेश दिला, म्हणून त्यांचे शिक्षण वाचले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. त्या गीताच्या बाजूने आणि विरुद्ध पुढे जे राजकारण झाले त्यात मी शिरत नाही. सतरा-अठरा वर्षांची ही मुले परीक्षेच्या तोंडावर घरदार सोडून परप्रांतात गेली, ती सकाळच्या पाच मिनिटांच्या एका नियमासाठी, एवढेच मला नोंदवावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतला आहे, तो मी आटोपता घेतो. काळी टोपी आधी ऐच्छिक झाली, मग हास्यास्पद झाली आणि मग नाहीशी झाली. मांडी घालून बसावयाची सतरंजी जाऊन बाके आली. अनेक मुलांच्या शाळांत मुली आल्या, आणि मुलांच्या तोंडची भाषा आठ दिवसांत सुधारली. हे कार्य चाळीस वर्षांच्या छड्यांना साधले नव्हते. छडीविषयी सांगावयाचे तर ती कायद्याने गेली ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. 'शिक्षा' या शब्दाचा मराठी अर्थ बदलण्यास मात्र अजून अवकाश लागेल.

शेवटी एक विनंती, आणि ती संस्थेच्या चालकांना आहे. कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, वर्तणूक आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख वारंवार दिसेल. इतकी मुले एकाच दिवशी जन्मली असा याचा अर्थ नव्हे. बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालीत. ज्या घरात तारखा लिहून ठेवण्याची रीत नव्हती त्या घरातले पहिले मूल शाळेत आले, हे त्या १ जूनवरून कळते. कोणत्या वर्षापासून हे १ जून वाढू लागले आणि कोणत्या वर्षी कमी होत गेले हे कोणी मोजले, तर आपल्या शाळेत कोण केव्हा आले याचा इतिहास हाती येईल. शाळा सोडल्याच्या कारणांच्या रकान्यात 'फी थकल्यामुळे' असे शब्द किती वेळा आले आहेत हेही मोजावे.

ही रजिस्टरे, तपासनिसांच्या शेऱ्यांच्या वह्या, शिक्षकांचे हजेरीपट आणि जुनी वेळापत्रके यांतील बरेच कागद आता हात लावताच तुटतात. त्यांच्या प्रतिमा काढून ठेवण्याचे काम एका सुट्टीत होण्याजोगे आहे, आणि आज त्याला फार खर्चही येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुनी प्रगतिपुस्तके, फीच्या पावत्या, वर्गाची छायाचित्रे किंवा वडिलांनी शाळेला लिहिलेली रजेची चिठ्ठी असेल त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी. प्रत काढून मूळ कागद परत केला जाईल, असे मुख्याध्यापकांनी मला आजच सांगितले आहे.